बाकाचा कौल

ये बबे, जवळ ये. अशी समोर बस. आता म्हणशील, आजी, मी पुण्यात अन् तू सोलापुरात, जवळ कुठं बसू? बस म्हटलं की बसावं. लिहिणारी मी आहे, तेव्हा मी म्हणेन तिथं तू बसलीस. आणि तो फोन उलटा करून ठेव आधी. त्या फोनानंच सगळा घोटाळा केलाय.

काल घरच्या ग्रुपवर स्वतःचे दोन फोटो टाकलेस. एकात तू, आहेस तशी, फट दिसण्यापुरते ओठ उघडलेली. दुसऱ्यात पण तूच, मोकळी हसलेली, पण कॉम्प्युटरनं तुझ्या पुढच्या दोन दातांमधली फट बुजवलेली. दात पांढरेफेक, एका रेषेत, दुकानाच्या काचेमागं मांडलेल्या कपांसारखे. खाली लिहिलंस, ‘एक की दोन? सगळ्यांनी सांगा. सोमवारी अपॉइंटमेंट आहे.’ तुझ्या मामानं दोन म्हटलं. मामीनं दोन म्हणून वर टाळ्या वाजवल्या. तुझी आई म्हणाली, ‘तुला आवडेल ते,’ म्हणजे दोनच. आणि मी बघितल्याची खूण दिसल्याबरोबर तुझा निरोप, ‘आजी, तुझंच मत राहिलंय.’

हो, राहिलंय. राहू दे. असं मत मागतात होय गं? पाहुण्याला चहा घेणार की सरबत विचारल्यासारखं? फट बुजवायला दोन चांगले, न किडलेले, न दुखणारे दात तासून बारीक करणार, त्यावर टोप्या बसवणार, हे तू आईला सांगितलंस, ग्रुपवर नाही सांगितलंस. तासलेला दात म्हणजे काय नख आहे का, परत वाढायला? हे ऐकल्यापासनं माझ्या पोटात गोळा आलाय. आज विहारात वंदनेला बसले, तर तोंडात वंदना अन् डोक्यात तुझे दात.

मत देणार आहे मी. पण मत कसं द्यायचं असतं हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांचं आधी ऐक.

शुक्रवार पेठेत, कापडाच्या दुकानाशेजारच्या बोळात आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. तुझ्या आईच्या लग्नाआधीपासनं मी तिथं कामाला. हत्यारं उकळायची, नंबर पुकारायचे, घाबरलेल्याचा हात धरायचा. डॉक्टरांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. गावात कुणी नावानं हाक मारत पण नव्हतं. नुसतं डॉक्टर.

माणूस लई विचित्र. रस्त्यात कुणी भेटलं तर ते चेहऱ्याकडं न बघता आधी तोंडाकडं बघायचे. नावं लक्षात राहायची नाहीत, दात राहायचे. मला म्हणायचे, “बाई, तो वरचा सुळा पुढं आलेला माणूस आला होता का?” मी म्हणायची, “डॉक्टर, ते तुमचे व्याही आहेत.” लग्नाला गेले की स्टेजसमोर उभं राहून नवरीच्या तोंडाकडं टक लावून बघायचे, आणि नवरीकडचे लोक माझ्याकडं बघायचे, की हा म्हातारा कोण हो? मी हळूच सांगायची, दातांचे आहेत. मग त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

आणि खुद्द त्यांचा पुढचा एक दात कोपऱ्यात तुटका! पेशंट हटकून विचारायचे, “डॉक्टर, तुमचाच दात तुटकाय की!” ते म्हणायचे, “दारावरची पाटी म्हणून ठेवलाय. दातांचा दवाखाना आहे हे लांबनं कळतं.”

त्यांच्या टेबलाच्या खणात कायम कडक भाकरी असायची. ज्वारीची, आपल्याकडची, पापडासारखी वाळवलेली. कुणाला कवळी बसवली की त्या माणसाला आरसा द्यायच्या आधी भाकरीचा तुकडा द्यायचे. “तोडा.” तुटली तर म्हणायचे, “हे दात.” नाही तुटली तर, “हा दागिना. काढा, परत करू.” स्वतःचं दुपारचं जेवण पण तेच, भाकरी अन् शेंगाची चटणी.

पण सगळ्यात मोठं वेड म्हणजे तो बाक. बाहेर पेशंट बसायला लाकडी बाक होता, हाताच्या घामानं काळा पडलेला. पुढच्या दाताचं, म्हणजे दिसणाऱ्या दाताचं काम असलं, की डॉक्टर त्या माणसाला खुर्चीवरनं उठवून बाहेर बाकावर बसवायचे, बाकीच्यांच्यात. आणि स्वतः हात धुवायला जायचे. धुतच राहायचे, धुतच राहायचे. लोकांना वाटायचं काय स्वच्छ माणूस आहे. कशाचं काय! बेसिनवरचा आरसा त्यांनी तिरका लावून घेतला होता. त्यात बाक दिसायचा. बाकावर लोक बोलतात, एखादी मावशी काहीतरी बोलून जाते, माणूस हसतो, आणि डॉक्टर पाठमोरे उभे राहून ते हसू चोरून बघतात. “बाई,” म्हणायचे, “हस म्हटलं की माणूस दात दाखवतो. हसू बघायचं तर चोरूनच बघावं लागतं.”

सोलापूरचं पाणी तुला ठाऊक आहे, नळाला येईल तेव्हा येईल. टाकीतलं पाणी असं वाया जाताना माझा जीव तुटायचा. एकदा मी नळ खालनं बंदच केला. तर हा माणूस कोरड्या नळाखाली हात चोळत उभा! तेव्हापासनं कोरडेच हात धुवायचे. बघून झालं की बाकावरच्यांना विचारायचे, “कसं वाटलं यांचं हसू?” लोक काय सांगतील ते ऐकायचे, आणि मगच हत्याराला हात लावायचे. “दात माझा, हसू बाकाचं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हे वेड काही जन्मापासनं नव्हतं. ते एका चुकीतनं आलं, आणि ती चूक दातांचा डॉक्टरच करू जाणे.

विणकरांच्या घरातली एक बाई होती, घरात तेलुगू बोलणारी. वरचे दात सगळे हलत होते, काढावे लागले. डॉक्टरांनी जीव ओतून नवीन दात केले. तिचे जुने दात वेडेवाकडे होते, एक दुसऱ्यावर चढलेला, मधली रेघ नाकाच्या खाली न येता बाजूला सरकलेली. डॉक्टरांनी सगळं सरळ केलं. रेघ बरोबर मध्यावर, दोन्ही बाजू सारख्या. त्यांचे डॉक्टर मित्र बघून गेले, वा वा म्हणून गेले. आणि थोड्या दिवसांनी ती बाई पदर तोंडावर घेऊन परत आली. दुखतंय का? नाही. टोचतंय? नाही. भाकरी तुटती का? तुटती. मग?

“दात चांगलेत डॉक्टर,” ती म्हणाली. “पण घरात माझ्याशी नीट कोण बोलंना. नवी सून आल्यावानी वागतेत. नवरा जेवताना मान खाली घालून जेवतो. मी हसले की नात उठून जाती.”

तो दिवस आठवला की अजून माझ्या अंगावर काटा येतो, कारण त्या बाईचे दात काढून झाले होते. जुनं परत आणायला तोंडात काही उरलंच नव्हतं. काय चूक झाली, कुणाला सांगता येईना. मापं काढून बघितली, मापात कुठं चूक नाही. शेवटी डॉक्टर तिच्या गल्लीत गेले आणि तिच्या शेजारणींना घेऊन आले. बाकावर बसवलं. पुढ्यात मेणात बसवलेले नवीन दात, आणि एकेक दात हलवून विचारायचं, असा होता का? “ऊंहूं. जरा पुढं.” असा? “ह्याच्यावर चढवा की तो.” असा? आणि मग एकदम एक जण ओरडली, “अग्गो बाई, आली की!” दात बसवून ती बाई बाकावर बसली, डॉक्टर तिच्या भाषेत म्हणाले, “नव्वम्मा,” हस गं बाई. ती हसली आणि शेजारणी रडायला लागल्या.

तेव्हापासनं बाक. काम झालं की निरोप देताना म्हणायला डॉक्टर ‘हस’ तीन भाषांत शिकले. अक्कलकोटकडचं कानडी कुणी आलं की “नग्री”, विणकरांच्या गल्लीतलं आलं की “नव्वम्मा”, आणि चाचा लोकांना “हसो.” स्वतः मात्र हसायचे नाहीत. मला वाटतं त्यांना भीती वाटायची. रोज दुसऱ्याचं हसू हातात धरायचं, चूक झाली तर परत देता येत नाही. तुझे ते पुण्याचे डॉक्टर हात धुतात का गं? किती वेळ?

आता वळसंगच्या पोरीचं सांगते. हे अगदी मागल्या काही वर्षांतलं, दवाखाना बंद व्हायच्या थोडं आधीचं.

दुपारची वेळ. बाकावर एक चाचा गालाला रुमाल बांधून बसलेले, दाढ सुजलेली. शेजारी भाजीवाली मावशी, बाकावरची नेहमीची. तेवढ्यात तीन माणसं आत आली. पुढं एक बाई, तिशीची, नीटनेटकी, हातात मोठा टॅबलेट. मी ओळखलं. ही लहानपणी आमचीच पेशंट, पुढं स्वतः दातांची डॉक्टर झाली, शिकत असताना आमच्याकडं उमेदवारी करून गेली. तिच्या मागं एक पोरगी, ओठ घट्ट मिटलेली. आणि पोरीचा बाप, वळसंगचा शेतकरी, टोपी हातात घेऊन.

पोरीचं लग्न ठरलेलं. नवरा चिंचोळीला कंपनीत, आणि ही डॉक्टरीण म्हणजे होणारी नणंद. साखरपुड्याचे फोटो आले होते. पोरगी हसली की वरची हिरडी दिसायची. चांगली ठसठशीत, गुलाबी. नणंदेनं सगळं ठरवून आणलं होतं, हिरडी कापून वर सरकवायची, पुढच्या दातांना टोप्या. लग्नाला थोडेच दिवस राहिले होते, आणि तिचा स्वतःचा दवाखाना लांब गावी. म्हणून आमच्या डॉक्टरांच्या खुर्चीवर काम करायला आली होती.

“सर, तुम्ही फक्त बघा,” ती म्हणाली. “चार मिलीमीटर दिसते. पुस्तकात बसत नाही.”

डॉक्टरांनी पोरीला खुर्चीत बसवलं. ओठ बाजूला धरायचा प्लास्टिकचा चाप लावला, माप घेतलं. पोरीच्या डोळ्यांतनं पाणी कानाकडं ओघळत होतं. मी तिचा हात धरला.

“माप बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाले.

बापानं टोपी चुरगळली. मला वाटलं, संपलं. ह्यांनीच असं म्हटल्यावर आता कोण बोलणार?

“आता बाकावर बस,” डॉक्टर पोरीला म्हणाले.

“सर, वेळ नाही हो,” नणंद म्हणाली. “जखम भरायला दिवस लागतात. आज नाही झालं तर लग्नाच्या फोटोत...”

“बाकावर.”

पोरगी बसली. डॉक्टर बेसिनकडं गेले, कोरड्या नळाखाली हात चोळायला लागले. मी मावशीला डोळ्यानं खुणावलं. मावशीला काम ठाऊक होतं. म्हणाली, “काय गं पोरी, नवरा कसाय? मिशीवाला हाय का बिनमिशीचा?” पोरगी गप. “लाजती व्हय?” गप. मावशीनं तिच्या स्वतःच्या लग्नातला किस्सा सांगितला, नवरदेवाचा घोडा उधळून भाजी मंडईत शिरला होता तो. एरवी त्या किश्शाला दगड पण हसला असता. पोरगी आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसली. ओठ असे मिटलेले, जसं काही शिवून टाकलेत.

वेळ चालला होता. डॉक्टर हात चोळतायत, चोळतायत. नणंदेनं इंजेक्शनच्या ट्रेकडं बघितलं. बाप मला हळूच म्हणाला, “बाई, न्हाय म्हणलं तर सोयरीक मोडंल का वो?” मी काय सांगणार? मला तरी कुठं ठाऊक होतं? ती नणंद वाईट बाई नव्हती, पण तिचं तोंड बघून वाटत होतं, ही मागं हटणारी नाही. आणि डॉक्टर हसू बघितल्याशिवाय हत्यार उचलू देणारे नाहीत. आणि पोरगी हसणारी नाही. तिघांच्या मधे ती एवढीशी हिरडी.

मग पोरगीच बोलली. मान वर न करता. “करून टाका की काय करायचं ते. मला हसायचंच न्हाय, तर कशाला बघत बसलाय?”

डॉक्टरांचे हात थांबले. आरशातनं तिचं तोंड बघितलं असणार त्यांनी, कारण पुढं त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. टेबलाचा खण उघडला, भाकरी काढली, बाहेर आले आणि बाकावर चाचांच्या शेजारी जाऊन बसले. त्या बाकावर डॉक्टर बसलेले मी पहिल्यांदा बघितले. म्हातारे दिसले एकदम. कुणाकडं न बघता भाकरीचा मोठा तुकडा दातात धरला आणि जोर लावला.

कट्‌.

डॉक्टर चावायचे थांबले. तोंडात बोट घातलं, काहीतरी बारीक पांढरं बाहेर काढलं, उजेडाकडं धरलं. आधीच तुटका असलेला तो दात, त्याचा उरलासुरला कोपरा गेला होता. जिभेनं चाचपून बघत होते अन् त्या तुकड्याकडं बघत होते. मावशीनं तोंडावर पदर धरला.

आणि चाचा, गालाला रुमाल बांधलेले, सुजल्या तोंडानं, अगदी गंभीरपणे म्हणाले, “डॉक्टरसाब, नंबर लगाव. मेरे बाद तुमारा.”

पोरगी फुटली. बबे, असं हसू मी त्या दवाखान्यात क्वचित ऐकलं असेल. दात, हिरडी, टाळू, सगळं दाखवून, पोट धरून. मावशी तिच्या खांद्यावर पडली. चाचा “हाय हाय, मेरा दाढ” करत हसायला लागले. बाप हसला, मी हसले. नणंद पण हसली.

एकटे डॉक्टर हसत नव्हते. आणि ते पोरीकडं बघतच नव्हते. नणंदेकडं बघत होते.

“हात खाली घे,” ते म्हणाले.

तेव्हा आम्ही बघितलं. तिनं तोंडावर हात धरला होता. पालथा हात, बोटं मिटलेली, नाकापर्यंत. तिला स्वतःला ठाऊक नव्हतं.

“तुझे दात मीच सरळ केले ना? शाळेत होतीस,” डॉक्टर म्हणाले. “दात तर चांगले झाले. मी खूश होतो. हात अजून वरच आहे?”

ती हात खाली घेऊन बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “शाळेत मला फावडी म्हणायचे सर. तुम्ही दात आत घेतले, तरी वर्षभर म्हणायचे. हिला कुणी काही म्हणू नये, म्हणून मी...”

डॉक्टरांनी बाकाला विचारलं, नेहमीसारखं. “कसं वाटलं हिचं हसू? हिरडी दिसली?”

“दिसली की. दिसंना कशी, डोळं हायत आमाला,” मावशी म्हणाली. “पर पोरगी हसली तर खरी!”

“दिखी,” चाचा म्हणाले. “उसमें क्या है?”

“मला पण दिसते,” डॉक्टर नणंदेला म्हणाले. “तुला दिसते तेवढीच. तुझं माप बरोबर आहे, आणि मला ती मरेपर्यंत दिसत राहणार. ते आपल्या डोळ्यांचं दुखणं आहे. हिच्या तोंडाचं नाही. पण माझंही ऐकू नको, बाकाचंही राहू दे. तिला विचार.”

नणंद पोरीजवळ जाऊन बसली. विचारलं, “तुला काय पाहिजे?”

पोरीनं हसून हसून आलेलं पाणी पुसलं. आता मान वर होती. “ताई, राग धरू नका. मला हिरडीचं काय न्हाय. पर साखरपुड्यापासनं तुमी बोलताना माझ्या डोळ्याकडं बघतच न्हाय, तोंडाकडं बघताय. म्हणून मी हसायचं सोडलं. घरात पण सोडलं. बाबांना विचारा.”

बापानं नुसती मान हलवली.

नणंदेनं टॅबलेट पिशवीत घातला. मग म्हणाली, “काहीच करायचं नाही?”

“एक करा,” पोरगी म्हणाली. “हा हितला दात कडेला खरखरीत हाय. जिभेला लागतो.”

तेवढं काम झालं. डॉक्टरांनी नणंदेच्याच हातानं करून घेतलं, एक कड गुळगुळीत केली, संपलं. मग चाचांचा नंबर. आणि त्यांच्यानंतर खरंच डॉक्टरांचा! नणंदेनं त्यांचा तुटका दात मसाला भरून पूर्ण करून दिला, सुंदर अगदी. दुसऱ्या दिवशी बाकावरचे लोक त्यांच्याकडं बघेनात. एक म्हणाला, “जुने डॉक्टर सुट्टीवर हायत का?” डॉक्टरांनी तिला फोन करून बोलावलं आणि दात होता तेवढा तुटका करून घेतला. ती हसत हसत करत होती, आणि हत्यार हातात असल्यामुळं तोंडावर हात नेता येत नव्हता. डॉक्टर आ वासून पडल्या पडल्या तेच बघत होते. मला नंतर म्हणाले, “बाई, एवढं एक काम राहिलं होतं माझं.”

लग्नाला मी गेले होते. सगळ्या फोटोंत हिरडी आहे. मांडवात एकीनं म्हटलंच की नवरीच्या हिरड्या लई दिसतात हो. म्हणणारे म्हणतात, बबे. नणंद माझ्या शेजारीच उभी होती. तिनं ऐकलं, आणि पुढं होऊन वहिनीचं बाशिंग सरळ केलं.

आता तू म्हणशील, ही गोष्ट मला का? माझी हिरडी नाही, माझी फट आहे. तर तुझ्या फटीचंच सांगते.

ती फट माझी आहे. म्हणजे माझी होती, तुझ्या आईला सोडून तुझ्याकडं आली. माझे दात गेले तेव्हा तू पहिलीत असशील. डॉक्टरांनी माझी कवळी करायला घेतली, मेणात दात मांडले. सवयीनं सरळ मांडले, फटीबिटीचं मी पण काही बोलले नाही. म्हटलं, म्हातारपणी मिळतायत तर चांगले दात मिळू देत. आणि डॉक्टरांनी घरच्यांना बाकावर बोलावलं. तुझा मामा बसला, तुझी आई बसली, मधे तू. मी बाहेर आले आणि हसले.

तू आईच्या मागं लपलीस. मी हात पुढं केला तर हात झटकलास. “ही आजी नको,” म्हणून जे भोकाड पसरलंस, की खुर्चीवरचा पेशंट घाबरून उठून बसला. माझ्या काळजात काय झालं ते तुला काय ठाऊक. मला ती विणकराची बाई आठवली. तिची नात पण अशीच उठून गेली होती.

डॉक्टर तुझ्यापुढं गुडघ्यावर बसले. पहिलीतल्या पोरीपुढं एवढा मोठा माणूस. विचारलं, “काय नाही आजीचं?”

“फट.”

“केवढी होती?”

तू विचार केलास. नाक पुसलंस, आणि म्हणालीस, “शिट्टी वाजेल एवढी.”

मी तुला फटीतनं शिट्टी वाजवून दाखवायची ना, गच्चीवर कबुतरं बोलवायला. डॉक्टर उठले. मेणातले ते दोन दात गरम सुरीनं केसभर बाजूला सारले, मला म्हणाले, वाजवा. फुस्स. अजून केसभर. फुस्स. तू खुर्चीच्या हाताला धरून उभी, श्वास रोखून. अजून थोडं. आणि मग वाजली! तू टाळी वाजवलीस, आणि डॉक्टर मला म्हणाले, “बाई, कवळीतनं शिट्टी वाजली की लोक भांडायला परत येतात. शिट्टी वाजली म्हणून पास झालेली कवळी मी पहिल्यांदाच करतोय.” आणि तो माणूस हसला. तुटका दात दाखवून. मी बघितलंय, आणि तू पण बघितलंयस, विसरली असशील.

तर कौल तू दिलेला आहेस बबे, फार आधी. पण तो माझ्या तोंडाचा होता. तुझ्या तोंडाचं तू ठरवायचंस. ऑफिसात कुणी काही बोललंय का? की कुणी मुलगा फोटो बघून गप्प बसला? तू सांगितलं नाहीस, आणि ग्रुपवर मी विचारणार नाही. वळसंगच्या पोरीसारखे तुझे पण ओठ मिटलेत, दोन महिन्यांतले सगळे फोटो मी पुढं-मागं करून बघितलेत. तू कॉम्प्युटरच्या त्या फोटोत तेवढी हसलीस. त्याच्याआधी कधी, मला आठवत नाही. माझा गोळा दातांचा नाही गं, त्याचा आहे.

डॉक्टर आता नाहीत. दवाखाना मोडला तेव्हा बाक मी मागून घेतला, आपल्या व्हरांड्यात ठेवलाय. तू सोमवारच्या आधी ये. रविवारी ये, शनिवारी ये, आज निघालीस तर त्याहून बरं. येऊन बाकावर बस. शेजारच्या मावशीला बोलावते, तिच्याकडं किस्से भरपूर. मी पाठमोरी बेसिनपाशी उभी राहीन. आरसा तिरका करून ठेवलाय, पाणी आलं नाही तरी हात धूत बसेन. तुला हसायला वेळ लागला तर लागू दे, मला कुठं जायचंय. मग काय दिसलं ते खरं सांगेन. आणि एवढं होऊनही तुला फट बुजवायचीच असली, तर सोमवारी मी तुझ्याबरोबर पुण्याला येईन अन् खुर्चीशेजारी तुझा हात धरून उभी राहीन. ते काम मला येतं.

पण फोटोला मी मत देत नसते. डब्यात कडक भाकरी आहे, चटणी कालच कुटलीय. तू ये. आपल्या बोळात शिरलीस की शिट्टी वाजव, मी दार उघडून ठेवते.